सगळ्यांनी भिंतीकडं बघा

चारठाणकर सर पासवर्ड टाकायला बसले की खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, असा आमच्या कॉलेजात नियम होता. गंमत म्हणून सांगत नाही. नियम टाईप केलेला होता, खाली सही होती, सहीवर शिक्का होता आणि तो कागद कॉम्प्युटर रूमच्या दारावर डकवलेला होता. एकदा बाहेरून तपासणी समिती आली. सरांनी त्यांनाही सांगितलं, "साहेब, जरा भिंतीकडं बघता का?" समितीच्या अध्यक्षांना वाटलं, भिंतीवर काहीतरी बघण्यासारखं लावलंय. ते चष्मा पुसून, हात मागं बांधून चुन्याचे पोपडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "यात नेमकं काय बघायचं?" सर म्हणाले, "झालं साहेब. वळा आता."

आम्ही भिंतीकडं वळलो तरी सरांचं समाधान व्हायचं नाही. दोन्ही हातांवर ते टॉवेल टाकायचे आणि त्याच्याखाली बोटं चालवायचे. बटणांच्या आवाजावरून कुणी अक्षरं मोजू नयेत म्हणून मधूनमधून खोकायचे. तसला खोकला मी सरकारी दवाखान्यातसुद्धा ऐकलेला नाही.

मी तिथं परीक्षा विभागात लिपिक होते. गाव परभणी, कॉलेजचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच मंडळी अजून बाजारात भेटतात. नव्वदनंतर कधीतरी कॉलेजला एक कॉम्प्युटर आला. एकच मोठी मशीन आणि तिला जोडलेले चार पडदे, म्हणजे चार टर्मिनल. भूगोलाचे नकाशे ठेवायची खोली रिकामी करून तिथं हे सगळं बसवलं. आता ही मशीन सांभाळणार कोण? प्राचार्यांनी टाईमटेबल बघितलं, गणिताच्या चारठाणकरांना तास कमी दिसले आणि नेमणूक झाली. औरंगाबादला जाऊन ते कसलंसं प्रशिक्षण करून आले. गेले तेव्हा गणिताचे साधे मास्तर होते, परत आले ते मशीनचे मालक होऊन.

उंच, शिडशिडीत माणूस. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर. कारण अख्ख्या कॉलेजात गारवा फक्त त्या एका खोलीत होता, तोही मशीनसाठी. मे महिन्यात आम्ही ओल्या रुमालानं मान पुसत बसलेलो आणि हा माणूस स्वेटर घालून लूनावरून चहाला चाललेला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. सरांना वाटायचं, ते आपल्याकडं आदरानं बघायलेत.

मशीनमध्ये दोन प्रकारची माणसं असतात, हे आम्हाला सरांनी पहिल्या दिवशीच समजावलं. एक रूट आणि बाकीचे. बाकीच्यांनी आपापल्या कप्प्यात काम करायचं; दुसऱ्याच्या कप्प्यात हात घातला की मशीन सरळ नाही म्हणते. रूटला मात्र मशीन कशालाच नाही म्हणत नाही. तो सगळं बघू शकतो, सगळं बदलू शकतो, सगळं पुसू शकतो. कोणी काय वापरायचं, कोणता प्रोग्राम बसवायचा, कोणता काढायचा, सगळा हुकूम त्याचा. "आणि अख्ख्या परभणी जिल्ह्यात," सर बोट वर करून म्हणायचे, "हा पासवर्ड फक्त एका माणसाला माहीत हाय." कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. माणूस वर आणि माणूस खाली याची आमच्या जिल्ह्यात आधीच काय कमतरता होती? म्हणून ही एक मशीन आणखी आणली होती.

बसवायचा प्रोग्राम केवढा का असेना, सरांकडं अर्ज करावा लागायचा. मला गुणांच्या बेरजा करायला एक बारीकसा प्रोग्राम हवा होता. मी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'सदर प्रोग्राम नसताना आजवर बेरजा कशा होत होत्या, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला, 'बोटांवर.' यावर शेरा आला, 'बोटे शाबूत असल्यास निकड दिसून येत नाही.' माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी तरातरा जाऊन विचारलं, "सर, तुम्हाला दुसरा उद्योग न्हाई का?"

"शिंदेबाई, बसा," ते म्हणाले. "प्रोग्राम म्हंजी घरात घेतलेला पाहुणा. आज बेरजा करायला आला, उद्या माजघरात शिरंल. मी आधी वाचून बघतो त्याच्या पोटात काय हाय."

आणि खरंच वाचला. ओळीन् ओळ. आठवड्यानं बसवून दिला, वर म्हणाले, "चांगल्या घरचा हाय." एवढा आठवडा मी बोटांवरच बेरजा केल्या, हे सांगायला नकोच.

सरांचं खरं वैर होतं लाईटशी. परभणीतली लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. लाईट गेली की मशीन बॅटरीवर थोडा वेळ चालायची, आणि तेवढ्यात ती रीतसर बंद केली नाही तर आतल्या फाईलींचा चुराडा. आता रीतसर बंद कोण करणार? फक्त रूट. रूट कोण? सांगितलंच. त्यामुळं सर कुठंही असोत, पंखा थांबला की उठून पळायचे. शेजारच्या घरच्या लग्नात पंगतीत बसले होते, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावलेली, तेवढ्यात मांडवातला लाऊडस्पीकर गप्प झाला. सर वाटी ठेवून उठले, खरकट्या हातानं लूना चालू केली आणि गेले. बायकोची तक्रार होती की सासरच्या एका कार्याला हा माणूस धड आला नाही. रजा नाही, सुट्टी नाही, दिवाळीतसुद्धा फेरी मारून जायचे. आम्ही म्हणायचो, पासवर्ड दुसऱ्या कुणाला सांगितला तर काय आभाळ कोसळेल? सर म्हणायचे, "दोघांला माहीत झालं की तो पासवर्ड राहत न्हाई, गावजेवण होतंय."

हा सगळा ताठा खालच्या लोकांपुरताच होता असंही नाही. एक दिवस प्राचार्य स्वतः खोलीत आले. त्यांच्याविरुद्ध संघटनेचे लोक काहीतरी तक्रार तयार करायलेत, असा त्यांना संशय होता, आणि ती तक्रार एका प्राध्यापकाच्या कप्प्यात टाईप झाली होती म्हणे. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "चारठाणकर, तुम्हाला तर सगळं दिसतं. जरा उघडून दाखवा."

"दिसतंय ना सर," सर म्हणाले. "दिसतंय म्हणूनच रूटनं बघायचं नसतंय."

"मी प्राचार्य आहे."

"कॉलेजचे. मशीनच्या लेखी तुमी साधे युजर."

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही नेमके त्या वेळी कुणीही न सांगता भिंतीकडं वळलो. त्या दिवसापासून प्राचार्य सरांवर दात धरून होते आणि संधीची वाट बघत होते.

मग उषा वाघमारे आल्या. कॉम्प्युटर शिकवायला म्हणून हंगामी नेमणूक. पूर्ण्याच्या, वडील रेल्वेत गँगमन होते, ते घरी बसलेले. दोन धाकटे भाऊ शिकायला. सगळं घर या पोरीच्या पगारावर. रोज पूर्ण्याहून रेल्वेनं यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. हंगामी म्हणजे दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची. म्हणजे प्राचार्यांनी सही केली तर निघायची. ती नाही निघाली तर पूर्ण्यातल्या त्या घराची चूल कशी पेटणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. प्राचार्यांनाही होतं, म्हणून तर ती सही ते नेहमी शेवटच्या दिवसापर्यंत लांबवायचे.

उषाबाई येताना फ्लॉपींचा एक डबा घेऊन आल्या. पुण्याच्या मैत्रिणीकडून आणलेला. आत लिनक्स नावाची नवीच चीज होती: मशीन चालवणारी अख्खी प्रणाली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. सरांनी डब्याकडं असं बघितलं की जणू त्यात विंचू आहे.

"उघडं? सगळ्यांला?"

"हो सर."

"मग त्यात रूट कशाला ठेवलाय?"

"रूट आहे सर. लिखाण सगळ्यांचं, पण आपल्या मशीनची जबाबदारी आपली."

सर डबा घरी घेऊन गेले. महिनाभर वाचत होते. बायको म्हणाली, पोथी वाचावी तसं वाचायलेत, फक्त अंघोळ करून बसत नाहीत एवढंच. महिन्यानं त्यांनी जुनी प्रणाली काढून ही बसवली आणि येईल त्याला सांगायला लागले की आपण पहिल्यापासून याच मताचे होतो. "लपवायचं ते आळशी लोकांनी," असंही एकदा म्हणाले. हे म्हणताना हातावर टॉवेल होता.

या दोघांचा रोजचा तंटा एकच. सर सकाळी रूट म्हणून बसायचे ते संध्याकाळपर्यंत रूटच. पत्र टाईप करायचं, रूट. टाईमटेबल करायचं, रूट. उषाबाई म्हणायच्या, "सर, असं दिवसभर रूट होऊन बसू नये. तेवढ्या कामापुरतं व्हावं आणि उतरावं. चुकून चुकीच्या जागी बोट पडलं तर आपल्याला अडवायला कुणी नसतं."

"मला कोण अडवणार?"

"तेच म्हणतेय सर."

त्यांनी मागं लागून सरांकडूनच सरांसाठी एक साधं खातंही उघडवून घेतलं. सरांनी ते महिनाभर वापरलं नाही. अपमान वाटला असावा.

नामांतर झालं ते याच सुमाराला. विद्यापीठाच्या नव्या नावाची बातमी आली त्या दिवशी गावात नेमकं कोण कुठल्या चेहऱ्यानं फिरत होतं, ते मी सांगत बसत नाही. कॉलेजातही दोन चुली झाल्या. आमचे हेडक्लार्क म्हणाले, घाई काय आहे, छापील कागद संपेपर्यंत जुनंच नाव चालू द्या. पण आमची प्रमाणपत्रं मशीनवर निघायची, नाव मशीनमध्ये एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं आणि ते बदलायचा अधिकार रूटला. दोन्हीकडचे लोक सरांकडं डोळे लावून बसले. सर म्हणाले, "लेखी हुकूम येऊ द्या." झालं! लोकांनी लगेच ताडलं की हा माणूस कुठल्या बाजूचा. उषाबाईंनी त्या दिवसांत सरांशी बोलणं कमी केलं. मीही मनात म्हटलं, शेवटी आपल्या वळणावर गेले.

लेखी हुकूम टपालानं आला. सरांनी तास अर्धवट सोडला, आम्हाला भिंतीकडं वळवलं, खोकले आणि नाव बदललं. पहिला कागद छापून निघाला तो त्यांनी उषाबाईंच्या हातात दिला. "वाचा. एकेक अक्षर बघा. यात चूक चालणार न्हाई." उषाबाईंनी वाचला. बराच वेळ वाचत राहिल्या. सर हेडक्लार्ककडं बघून म्हणाले, "मशीनला एकदाच सांगावं लागलं. माणसांला सोळा वर्षं लागली." आणि लगेच आमच्यावर खेकसले, "काय बघायलात? कामं न्हाईत का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चारठाण्याहून निरोप आला. सरांची आई आजारी, आता काही खरं नाही. सरांना जावंच लागलं. परीक्षेच्या फॉर्मची माहिती भरायचं काम जोरात चालू होतं, त्यामुळं मशीन बंद ठेवून चालणार नव्हतं. आम्ही म्हटलं, आता बघू हा माणूस काय करतो. कारण सकाळी मशीन कुणीही चालू करील. संध्याकाळी बंद करायला रूट लागतो. पण रोज सकाळी बघावं तर मशीन आदल्या संध्याकाळी रीतसर बंद केलेली! आमच्यात पैजा लागल्या. कुणी म्हणालं, सर गेलेच नाहीत, कपाटामागं लपलेत. आमच्या हेडक्लार्कनं छातीठोक सांगितलं, "संध्याकाळच्या एसटीनं येत असणार हो. जिंतूरला गाडी बदलून. बंद करून परत." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण मठ्ठ्याची वाटी टाकून पळणारा माणूस याहून वेगळं काय करणार?

आणि मग ते झालं. एका सकाळी मशीन चालू केली तर परीक्षेच्या फॉर्मची सगळी माहिती गायब. कप्पाच रिकामा. शनिवारच्या फ्लॉपीवर जेवढं उतरवलेलं होतं तेवढंच वाचलं. त्यानंतरचं आम्ही सगळ्यांनी पुन्हा भरलं, दोन दिवस, डोळे लाल होईपर्यंत. काम निभावलं, पण प्राचार्यांना ते निभावून चालणार नव्हतं. त्यांना माणूस हवा होता. आदल्या संध्याकाळी खोलीतून शेवटी निघालेल्या कोण? उषाबाई. कायम कोण नाही? उषाबाई. बास, चौकशी संपल्यातच जमा.

"काल शेवटी तुम्हीच होतात ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग?"

उषाबाई गप्प. मला त्यांचा भयंकर राग आला. अगं, बोल ना! मी नाही केलं म्हण! पण ती पोरगी खाली मान घालून उभी होती. त्याच दिवशी चारठाण्याची बातमी आली की सरांची आई आदल्या संध्याकाळी गेली. त्यामुळं प्राचार्यांनी निकाल सरांचं सुतक फिटेपर्यंत पुढं ढकलला. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. जूनच्या ऑर्डरचा विषय आपोआप मिटला, असंही हेडक्लार्कजवळ बोलून गेले.

तेराव्यानंतर सर आले. डोकं भादरलेलं, वर टोपी, अंगात स्वेटर. प्राचार्यांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. उषाबाई दाराशी. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. हो, हसले.

"ह्या बाई पुसणार? कशा?" ते म्हणाले. "त्या कप्प्यात भरता सगळ्यांला येतंय, पुसायचा अधिकार फक्त रूटला. अन् पासवर्ड अख्ख्या जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणालाच माहीत न्हाई. माझा पासवर्ड असा हंगामी बाईच्या हाताला लागंल? कशाला माझी बेअब्रू करायलात?"

"मग पुसलं कोणी?" प्राचार्य म्हणाले.

"मी. दुसरं कोण पुसणार?"

"तुम्ही तर चारठाण्याला होतात."

"संध्याकाळच्या गाडीनं यायचो. मशीन बंद करायचो, माघारी जायचो. त्या दिवशी घाई झाली, नजर चुकली. दिवसभर रूट होऊन बसायची सवय. हात गेला."

मग हेडक्लार्कनं हळूच विचारलं, "म्हणजे आई गेली तेव्हा तुम्ही..."

"इथं होतो," सर म्हणाले. "पोचलो तवा सगळं झालतं."

प्राचार्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. नको असलेली माशी सोडून हवा तो मासा गळाला लागला होता. सरांचा मशीनचा कारभार तिथल्या तिथं काढला. लेखी ताकीद दिली. आणि दुसरं कुणी माहितगार नसल्यामुळं मशीन उषाबाईंकडं सोपवावी लागली. पासवर्ड द्यायचा कार्यक्रम सरांनी नेहमीच्या थाटात केला. आम्हाला सगळ्यांना, प्राचार्यांनासुद्धा, भिंतीकडं वळवलं आणि उषाबाईंच्या कानात सांगितला. वळून बघते तर उषाबाईंच्या डोळ्यांतून धार लागलेली. मला वाटलं, नोकरी वाचल्याचा आनंद.

गावात मात्र सरांची पार शोभा झाली. आईच्या तोंडात पाणी घालायचं सोडून हा बाबा मशीन बंद करायला आला, ही गोष्ट वसमत रोडपासून स्टेशनापर्यंत गेली. पोरं वर्गात फळ्यावर लिहून ठेवायची. स्टाफरूममध्ये पंखा थांबला की कुणीतरी म्हणायचंच, "चारठाणकर, पळा! घरी कोण आजारी न्हाई ना?" सर ऐकून घ्यायचे. मीसुद्धा चार ठिकाणी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. अहंकार, दुसरं काय? पासवर्ड दुसऱ्याला सांगण्यापेक्षा मरत्या आईला सोडून येणं पत्करलं. त्यात पोरगी वाचली, ते तिचं नशीब.

मे महिन्यात मी एका लग्नाला चारठाण्याला गेले. गावात जुनी देवळं आहेत, ती बघायला बायका निघाल्या. वाटेत सरांचं घर लागलं. ओट्यावर शेजारची म्हातारी बसली होती. परभणीहून आलोय म्हटल्यावर तिनं विचारलं, "आमच्या मास्तराला वळखती का गं बाई?"

ओळखते म्हटलं. चांगलंच ओळखते.

"लेक असावा तर असा बग," म्हातारी म्हणाली. "आला तसा आईच्या उशाशी बसला तो जागचा हलला न्हाई. ना खाणं, ना झोप. दिवे लागायच्या वक्ताला म्हातारीनं मांडीवर डोकं ठिवून डोळे मिटले. त्याच्याच हातचं पाणी घिऊन गेली. लय भाग्याची."

"त्या संध्याकाळी? ते परभणीला गेले नव्हते?"

"परभनी? येडी का काय तू! अगं, उंबऱ्याच्या भाईर पाऊल न्हाई टाकलं त्यानं."

मी देवळं बघितली नाहीत. तिथंच ओट्यावर बसून राहिले.

परभणीला आल्यावर मी उषाबाईंना गाठलं आणि कोपऱ्यात नेऊन सरळ विचारलं. त्या रडायलाच लागल्या. सर जाताना पासवर्ड त्यांना देऊन गेले होते. संध्याकाळी मशीन बंद करून मग गाडीला जात जा, आणि कुणाला कळू देऊ नका, म्हणाले होते. त्या संध्याकाळी गाडीची वेळ होत आलेली. उषाबाईंनी आपल्या सरावाच्या जुन्या फाईली पुसल्या. आपण आपल्याच कप्प्यात आहोत असं समजून. पण होत्या दुसऱ्याच कप्प्यात, आणि होत्या रूट. मशीननं मुकाट्यानं ऐकलं. "ज्या चुकीवरून मी सरांशी रोज भांडायचे, शिंदेबाई, तीच मी केली," त्या म्हणाल्या. "कबूल करायचं तर सरांनी पासवर्ड दिला हे सांगावं लागलं असतं. सुतकात त्यांना भेटून सगळं सांगून आले. ते म्हणाले, तोंड उघडायचं न्हाई. माझी नोकरी पक्की हाय, तुमची जाईल."

मग मी सरांना गाठलं. वर्गातून बाहेर येत होते, हाताला खडू. म्हटलं, "सर, मी चारठाण्याला जाऊन आले."

त्यांचा चेहरा उतरला. प्राचार्यांसमोर न उतरलेला चेहरा माझ्यासमोर उतरला. इकडंतिकडं बघून ते म्हणाले, "शिंदेबाई, जूनची ऑर्डर निघंपर्यंत गप बसा. हात जोडतो."

"आणि निघाल्यावर?"

"निघाल्यावर कशाला सांगायचं?"

"अहो, लोक तुमच्या आईवरून तुम्हाला बोलतात! ऐकवत नाही मला."

"आईला माहीत हाय मी कुठं होतो," ते म्हणाले आणि पुढच्या तासाला गेले.

ऑर्डर निघाली. दोन-तीन वर्षांत उषाबाई कायम झाल्या. मी गप्प राहिले. राहवलं नाही असं कितीदा झालं, तरी राहिले. आता सर नाहीत, प्राचार्यही नाहीत आणि उषाबाई रिटायर होऊन पूर्ण्यात असतात. त्यांनीच परवा मला सांगितलं, "शिंदेबाई, आता लिहा. माझं नाव घालून लिहा."

सरांना मी कॉलेजात शेवटचं बघितलं ते त्यांच्या निरोपसमारंभात. शाल दिली, नारळ दिला. प्राचार्य भाषणाला उठले आणि सरांच्या गणिताबद्दल दोन वाक्यं बोलून लगेच त्या गोष्टीवर आले. आई तिकडं शेवटच्या घटका मोजतेय आणि आमचे चारठाणकर इकडं एसटीतून उतरतायत, असं हातवारे करून सांगितलं. अख्खं सभागृह हसलं. माझ्या अंगाची आग आग झाली.

तेवढ्यात मागच्या रांगेत उषाबाई उभ्या राहिल्या. "सर, हे खरं नाही."

हसणं थांबलं. सगळ्या माना मागं वळल्या. प्राचार्यांच्या कपाळावर आठी आली. उषाबाई पुढं बोलणार, तोच चारठाणकर सर उठले आणि त्यांनी माईक स्वतःकडं ओढला.

"बाईला वाटतंय, मी एवढा वाईट न्हाई," ते म्हणाले. "लेकरू भोळं हाय. बसा, वाघमारेबाई."

पुन्हा सगळे हसले, आधीपेक्षा जास्त. उषाबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. सर आपल्या खुर्चीवर परत गेले, मांडीवरचा नारळ नीट केला आणि लोकांचं हसून होईपर्यंत शांतपणे बसून राहिले.